डावीकडचा उजेड

सनूसीने आरशाच्या पायाखाली खडा सारला, चौकट बोटभर वळवली आणि अंगणातलं ऊन थडग्याच्या दारातून आत टाकलं. मग जोडे उंबऱ्याबाहेर काढून तो स्वतः त्या उन्हामागून आत गेला. चकचकीत पत्रा ठोकलेली फळी त्याने दोन्ही हातांनी उचलली, आलेलं ऊन तिच्यावर झेललं आणि भिंतीवर सोडलं. डावीकडून, वरून, तिरपं. भिंतीत कोरलेली बदकं जागी झाली.

"आलं का ऊन?" त्याने विचारलं.

"ऊन केव्हाच आलंय. तूच उशिरा आलास," हेस्टरबाई म्हणाल्या.

"गुडघ्यांना सांगा, बाई. मी वेळेवर निघालो होतो, ते मागे राहिले."

बाई हसल्या. भिंतीपुढच्या स्टुलावर त्या बसल्या होत्या, मांडीवर पाट, पाटावर कागद. पूर्वी त्या पाठ ताठ ठेवून बसत. या हिवाळ्यात मात्र नाक कागदाला टेकेल इतक्या वाकत होत्या. सनूसीने ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्याने आणखीही पाहिलं होतं. चहा ओतताना बाई पेल्याच्या आत बोट धरत आणि बोट भाजलं की ओतायच्या थांबत. परवा त्याच्या सुनेने गच्चीवरून हात केला, तर बाई सरळ तिच्याकडे बघत होत्या आणि हात मात्र वर गेला नाही. घरी कुणी काही विचारलं तर सनूसी म्हणे, "बाई विचारात असतात. शिकलेली माणसं तशीच."

बाई पहिल्यांदा या डोंगरात आल्या तेव्हा सनूसीच्या ओठावर मिशीची नुकती काळी रेघ आली होती. एका इंग्रज प्रोफेसराबरोबर, त्याची चित्रं काढून द्यायला आलेली उंच, हडकुळी मुलगी. प्रोफेसराचं पुस्तक निघालं, त्यावर प्रोफेसराचं नाव मोठं आणि बाईंचं शेवटच्या पानावर मुंगीएवढं. सनूसीला वाचता येत नव्हतं, पण मुंगी दिसत होती. पुढे प्रोफेसर वारले आणि बाई एकट्या येऊ लागल्या. दर हिवाळ्यात एक भिंत. भिंतीवरची प्रत्येक रेघ जशी आहे तशी कागदावर उतरवायची, तुटली असेल तर तुटकी. त्यांनी या डोंगरातल्या मेलेल्या माणसांची चार पुस्तकं केली. तिकडच्या विद्यापीठाने त्यांना कधी मोठी खुर्ची दिली नाही. उन्हाळ्यात त्या कुठल्याशा पावसाळी गावात भाड्याच्या खोलीत राहत आणि खजूर पिकून उतरले की परत येत. लग्न का नाही केलं, असं सनूसीच्या आईने एकदा तोंडावर विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "वेळच कुठे मिळाला, आई? एक भिंत संपली की दुसरी."

ही शेवटची भिंत. पाचवं पुस्तक तिच्यावाचून अडलं होतं. आणि आज कैरोहून सुहैर येणार होती.

कशाला येणार, ते बाईंनीच चहा पिताना सांगितलं होतं. "इंग्लंडात कुणीतरी म्हटलं, म्हातारीची नजर गेली. इथल्या पुरातत्त्व खात्यानेही मान डोलावली. आता ही पोर येऊन माझं चित्र भिंतीशी ताडून बघणार. तिने बरं म्हटलं तर भिंत माझी. नाहीतर तिकडे एक तरुण पेन्सिलीला टोक करूनच बसलाय."

"सुहैर आपलीच आहे," सनूसी म्हणाला होता. "तुमच्या हाताखाली शिकली."

"म्हणूनच भीती आहे. मीच शिकवलंय तिला, कुणाची भीड धरायची नाही."

सुहैर आली ती ऊन दारात असतानाच. आता ती खात्यातली मोठी तपासनीस होती, पण आत येताना तिने वाकून बाईंच्या गालाला गाल लावला आणि मग सनूसीकडे वळली. मुकादमाला इथे रईस म्हणत.

"रईस, कसे आहात? अजून फळी तुमच्याच हातात?"

"दुसऱ्याच्या हातात दिली तर बाई दगड मारतात. उजवीकडे जाऊ नकोस, पोरी. तुझ्या लक्षात असेल, नसेल."

उजवीकडे मढं खाली उतरवण्याचा जुना खड्डा होता, सरळ उभा, भिंतीला अगदी चिकटून. दगड टाकला तर आवाज यायला वेळ लागे. कडेने दोर बांधलेला होता आणि त्या अंगाला कुणी पाऊल ठेवत नसे.

सुहैरने पाट घेतला. ती एकदा कागदाकडे बघे, एकदा भिंतीकडे, आणि पेन्सिलीचं मागचं टोक रेघेवरून हवेत फिरवी. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, शाळेत परीक्षेला बसावं तशा. वरची अक्षरं झाली. थडग्याचा मालक असलेला कारभारी झाला, त्याची बायको झाली, तिच्या खुर्चीखालचं माकड झालं. सनूसीचे खांदे भरून आले, पण फळी हलली नाही. मग सुहैर बदकांपाशी आली आणि थांबली.

तिने कागद जवळ घेतला. लांब धरला. पुन्हा भिंतीकडे गेली.

"बोल गं," बाई म्हणाल्या. "बदकांनी चावा घेतला का?"

"बाई, वरची अक्षरं खोदलेली आहेत. ती तुम्ही बरोबर दाखवलीत. पण खालची ही बदकं तुम्ही... तीही खोदलेली दाखवलीत. आणि ती तर उठावाची आहेत."

सुहैरने पेन्सिल खाली केली.

या कामात एक नेम असतो. सावली ज्या कडेला पडते त्या कडेची रेघ जाड काढायची. म्हणजे न बघता कळतं की कोरीवकाम भिंतीच्या आत गेलंय की बाहेर आलंय. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ते शिकवतात. बाईंच्या कागदावर बदकांच्या सगळ्या जाड रेघा उलट्या बाजूला पडल्या होत्या. ओळच्या ओळ, चोचींपासून शेपट्यांपर्यंत. ज्याला सावली दिसते त्याच्या हातून ही चूक होत नाही.

बाईंनी हात पुढे केला. सुहैरने पाट त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो डोळ्यांशी नेला, मग भिंतीकडे तोंड केलं, आणि त्यांचा अंगठा कागदाच्या कडेवरून मागेपुढे फिरू लागला. सनूसीने तो अंगठा पाहिला. इतक्या हिवाळ्यांत तो कधी असा फिरला नव्हता.

"चूक माझी आहे," सनूसी म्हणाला.

दोघी वळल्या.

"बदकं काढली त्या दिवशी मी उजेड उजवीकडून धरला. खालून. खांदा धरला होता, म्हणून त्या बाजूला गेलो. बाईंना सांगायचं राहून गेलं."

उलट बाजूने उजेड आला की डोळा फसतो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. फुगलेलं ते खोल दिसतं, खोल ते फुगलेलं. म्हणूनच तर फळी धरणाऱ्याचा पहिला धडा असतो: उजेड डावीकडून, वरून. सनूसीने हा धडा आपल्या मुलांना कानशिलात मारून शिकवला होता.

"सनूसी!" बाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "अरे गाढवा! जन्म गेला तुझा फळी धरण्यात! डावं कुठलं, उजवं कुठलं, तुला आता मी शिकवू?"

"शिकवा, बाई."

"माझी बदकं उलटी केलीस! आणि मी इथे... मला वाटलं..." बाई मधेच थांबल्या. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, तो पुसायची काही गरज नव्हती. "मला वाटलं, माझेच डोळे."

"तुमच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? हातच माझे म्हातारे झाले."

सुहैरने सनूसीकडे पाहिलं. मग तिची नजर उजवीकडे गेली, दोरावर क्षणभर थांबली आणि परत आली.

"होतं असं," ती हळूच म्हणाली. "उजेडाची चूक आहे, चित्राची नव्हे. मी तसंच सांगेन. बाई, बदकं पुन्हा काढू आपण. मी आठवडाभर आहे."

ती गाडीतून सामान काढायला बाहेर गेली. तिच्याबरोबर आलेला गाडीचा चालक दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता, आणि सनूसी संध्याकाळी घरी पोचेल त्याआधी ही गोष्ट गावात पोचणार, हे नक्की होतं. रईस सनूसीने उजेड उलटा धरला! चहाच्या टपरीवर त्याचे मेव्हणे महिनाभर हे पुरवून खाणार होते. बायको तर बदकासारखा आवाज काढूनच पुढ्यात भाकरी ठेवणार होती.

"थांब," बाई म्हणाल्या. "फळी ठेवू नकोस. तू कुठे उभा होतास ते मला बघू दे. तिथून उजेड कसा पडत होता ते कळलं की दुसरीकडे कुठे घोटाळा झालाय का, तेही कळेल."

"राहू द्या ना, बाई. झालं गेलं."

"झालं गेलं म्हणून कधी सोडलंय मी? जाऊन बघितल्याशिवाय सही नाही."

तो फळी टाकून पुढे होणार तेवढ्यात बाई काठी टेकत उजवीकडे निघाल्यासुद्धा. एक पाऊल, दुसरं. काठी दोराला लागली. बाईंनी ती दोरावरून पलीकडे नेली, खाली टेकवायला गेल्या, आणि काठी कुठेच टेकली नाही. मुठीपर्यंत आत गेली तरी टेकली नाही.

बाई तशाच वाकलेल्या उभ्या राहिल्या. सनूसीच्या हातात फळी होती आणि तिच्यावरचं ऊन आता भिंतीवर नव्हतं, छतावर थरथरत होतं.

बऱ्याच वेळाने बाईंनी काठी वर ओढली.

"सनूसी."

"बाई."

"इथे उभा राहून फळी धरलीस म्हणतोस."

"हो."

"पाय कुठे ठेवले होतेस रे?"

सनूसीने फळी सावरली. "म्हातारपणी माणूस हलका होतो, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्या पाठमोऱ्याच होत्या. मग त्यांचे खांदे हलले, आणि ते हसू होतं की दुसरं काही, हे सनूसीला त्या उजेडात कळलं नाही. त्याने बघितलंही नाही. तो फळी डावीकडे वळवत राहिला, ऊन पुन्हा बदकांवर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जरा लवकरच आला. गावातून येताना दोघांनी त्याला बदकांची खुशाली विचारली होती. त्याने ती नीट सांगितली होती.

आत स्टुलावर सुहैर बसली होती. पाट तिच्या मांडीवर होता आणि पेन्सिल तिच्या हातात. पेन्सिल बाईंची होती, दातांच्या खुणा असलेली. सुहैरचे डोळे लाल दिसत होते, पण रेघ सरळ चालली होती.

"बाई कुठायत?"

तिने दाराकडे मान वळवली.

बाई अंगणात होत्या. मोठ्या आरशाशेजारी ओट्यावर बसल्या होत्या, डोक्याला त्याच्याच बायकोने दिलेला काळा रुमाल, शेजारी चहाचा पेला, समोर उन्हात पीठ फुगवून भाजलेली भाकरी. चेहरा उन्हाकडे करून त्यांनी डोळे मिटले होते.

"ऊन अंगावर कुठे लागतं ते मला कळतं," त्या न बघताच म्हणाल्या. "सरकलं की आरसा मी वळवीन. तुझे गुडघे आत-बाहेर करायचे वाचतील."

"बाई, हे काम..."

"हे काम आता माझं. जा. पोरीच्या हातावर सावली पाडू नकोस. आणि सनूसी..."

"बाई?"

"पाय जमिनीवर ठेव."

सनूसीने जोडे काढले आणि तो आत गेला. फळी उचलून उभा राहिला. बाहेर आरशाची चौकट करकरली, थोडी जास्त वळली, मागे आली, पुन्हा चाचपडली. तो वाट बघत राहिला. आणि मग ऊन दारातून आत आलं, जमिनीवरून सरकत सरकत त्याच्या हातांपर्यंत पोचलं.