गुलनारच्या ओसरीवरचा रंधा

मित्रांनो, बाभळीच्या गाभ्यातून घडलेला आणि आता माळ्यावर धूळ खात पडलेला मी एक जुना रंधा आहे. पोटात पोलादी पाते बाळगणाऱ्यास भय कशाचे, असे आपणांस वाटेल. परंतु माझे बहुतेक आयुष्य भयातच व्यतीत झाले.

वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात होते त्या काळी चिखलीच्या एका सुतारखान्यात माझा जन्म झाला. माझे धनी अन्वरमिया तेथे चाकरीस होते. पुढे त्यांनी चाकरी सोडली आणि मेहकरनजीकच्या आपल्या गावी, घरच्या ओसरीवर स्वतःचे काम मांडण्याचे ठरविले. करवत, वाकस, पटाशी व मी असे सर्वजण गोणपाटात बांधले जाऊन तेथे पोचलो.

त्यांची पत्नी गुलनार हिने गोणपाट सोडले. मला पाहताच तिचा हात मागे गेला.

त्यास कारण होते. त्यांचे पहिले बाळ दगावले तेव्हा मी एकदा या घरी आलो होतो. कबरीत मय्यतीवर आडव्या लावतात त्या फळ्या, अगदी लहान लहान, अन्वरमियांनी याच ओसरीवर माझ्याकडून साफ केल्या होत्या. माझा तो सर्र सर्र आवाज तिने भिंतीपलीकडून ऐकला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

"अजी, दुकान मांडा," ती म्हणाली. "पन मय्यतीची फळी या घरात कापाची नाई. पोटातल्याले तो आवाज आयकवू नका."

"नाई कापनार. कसम हाय."

"अन भुसा माह्या पिठात उडाला, तं हा रंधा चुलीत घालीन!"

मित्रांनो, मी लाकडाचा! ओसरीवरून चुलीचा जाळ मला स्पष्ट दिसत असे. वारा सुटला की माझा जीव थरथरे. अन्वरमियांनी दारास गोणपाटाचा पडदा लावला. सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी ते करवतीस हात लावीत नसत. तिच्यासाठी त्यांनी सागाचा पोळपाटही केला. ती प्रसन्न होई, हसेदेखील. मात्र संध्याकाळी मला उचलले की आतले भाकरी थापणे थांबे, आणि तव्यावरची करपे.

शेजारचे तुळशीराम वखर दुरुस्तीस आणीत व थट्टा करीत, "काय अन्वरभाई, दुकान तुमचं हाय का भाभीचं?"

पडद्याआडून उत्तर येई, "दुकान त्यायचं, ओसरी माही!"

तिला खरा धीर होता तो शेजारच्या चांदबी खालाचा. ही वृद्ध सुईण रोज येऊन तिच्या पोटास तेल लावी आणि म्हणे, "भेतं काऊन, बेटी? मी हाव नं." ते शब्द ऐकून माझ्याही पात्यास शांती वाटे.

गुलनारचे दिवस भरत आले असता एके सकाळी चांदबी खाला झोपेतच अल्लाघरी गेली.

दुपारी तिचा मुलगा वाहेद ओसरीखाली येऊन उभा राहिला. "अन्वरभाई, फळ्या पाह्यजेत. कबर खोदून झाली."

भिंतीशी आंब्याच्या फळ्यांची थप्पी उघडी पडली होती. अन्वरमियांनी तिच्याकडे पाहिले नाही. "मेहकरहून आन वाहेद. माह्याकडं नाईत."

"मेहकरहून येईलोक दिवस बुडन नं! अन या फळ्या काय मंग?"

अन्वरमियांनी पडद्याकडे पाहिले. कसम मोडावी तर आत ती, आणि न मोडावी तर दारात मातृहीन पुत्र. भयाने मी बधिर झालो. आता पडदा सरकेल आणि माझी रवानगी चुलीत होईल, असे मला वाटले.

पडदा सरकला. गुलनार जड पावलांनी बाहेर आली. आयुष्यात प्रथमच तिने मला आपल्या हाताने उचलले. मला पापण्या असत्या तर मी डोळे मिटले असते!

"घरात नाई," ती म्हणाली. "तिकडं निंबाखाली न्या. अन रंधा दोनदा मारा. खालाच्या अंगाले सल लागू देऊ नका."

"अवं, पन आवाज..."

"येईन तं येईन. आयकीन मी."

निंबाखाली मी त्या फळ्यांवरून फिरलो. मी सावकाश फिरावयास पाहत होतो. पण पाते बोलल्याशिवाय लाकूड सुटत नाही. ओसरीवर गुलनार दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. तिने कान झाकले नाहीत.

पुढचे दिवस माझ्या जन्मातले सर्वांत भयंकर होते. सुईण मेहकरहून अनोळखी आली. प्रसूतीच्या वेळी अन्वरमिया मला दोन्ही हातांत घट्ट धरून ओसरीवर बसले. आतून कण्हणे आले, मग सारे शांत झाले. ती शांतता मी अद्याप विसरलो नाही.

आणि मूल रडले. अन्वरमियांची बोटे तेव्हा कोठे सैल झाली.

मित्रांनो, आमच्या पात्यांस तेल द्या, आम्हांस ओलीत टाकू नका, ही विनंती तर आहेच. परंतु घरात हत्यारे मांडण्यापूर्वी घरच्या माणसास कशाचे भय वाटते, हे अवश्य विचारा आणि त्या भयास हसू नका. गुलनार शेवटपर्यंत माझ्या आवाजाला भीतच राहिली. तरीही गावात कुणी वारले, की मला निंबाखाली तीच आणून देत असे.