दाखवण्यापुरता पोपट

मुलगी दाखवायची म्हटली की आपल्याकडे आधी घर लपवावं लागतं. चौऱ्याहत्तर साली, नागपूरच्या धरमपेठेत महादेवरावांच्या घरी एका रविवारी तेच चाललं होतं. खुर्च्या शेजारून आल्या, कपबश्या समोरून आल्या. स्वतःची म्हणावी अशी फक्त माणसं उरली, आणि त्यांनाही कौशल्याबाईंनी कमी बोलायला बजावलं होतं.

त्यांची मुलगी शामला कॉलेजात वस्त्रशास्त्र शिकत होती. टाकाऊ कापडातून उपयोगी वस्तू करा आणि करताना काय वाटलं ते लिहा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. शामलानं बाबांच्या गुडघ्यावर विरलेल्या पँटी आणि आईची फाटकी लुगडी जोडून चादर केली. जिथं भोक, तिथं लाल-पिवळ्या दोऱ्यानं फूल. चादर झाली; काय वाटलं, ते मात्र लिहून होत नव्हतं.

"हे पलंगाखाली सार वं," आई म्हणाली. "पाहुण्यांले बापाच्या पँटी दाखवतं काय?"

टेबलावर शामलानंच कधीतरी भरलेला रेशमी पोपटाचा टेबलक्लॉथ आला. पोपट सुरेख होता, पण घरी क्वचितच असे. आसपास जिला दाखवायचं असेल तिच्याकडे तो जाई आणि 'आमच्या मुलीच्या हातचा' होऊन परत येई. शामला हौसेनं देई. तेवढीच मैत्रिणींना मदत!

पाहुणे आले. भिवापूरचे बाबाराव, त्यांचा नागपुरात खोली करून राहणारा मुलगा ताराचंद आणि न कळवता सोबत आलेल्या बाबारावांच्या थोरल्या बहीण रुखमाबाई. रुखमाबाईंनी मुलीकडे पाहिलं नाही. त्यांनी पोपटाकडे पाहिलं.

"काहून बाई, हा पोपट तं माह्या ओळखीचा हाय! मागल्या महिन्यात माह्या होणाऱ्या सुनेच्या घरी व्हता. प्रेमिला नाव तिचं. तिनंच भरला म्हणे. मंग इथं कसा उडून आला?"

कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. 'पोपट आमच्या शामलाचाच, प्रेमिलानं मागून नेला' हे एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. शामलाला ते दिसलं. त्या वाक्यानं आईची लाज राहिली असती आणि प्रेमिलाचं जमलेलं लग्न मोडलं असतं.

"आत्याबाई, पोपट राहू द्या. माझं दुसरं काम पाहा," असं म्हणत तिनं पलंगाखालची चादर ओढली. आईनं डोळे मिटले.

रुखमाबाईंनी चादर उलटी केली. मग टेबलक्लॉथ उलटा केला.

"दोन्हीले एकच हात दिसून राहिला. म्हंजे पोपटवाली तू, अन् प्रेमिला खोटी! आजच तिच्या बापाले जाब विचारला पाह्यजे!"

"तिले भरतकाम येत नाही, खरं आहे," शामला म्हणाली. "पण ती धंतोलीच्या दवाखान्यात नर्स आहे. तिची सुई दंडात जाते अन् पेशंटले कळतही नाही."

"मंग हे काहून नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही विचारलं होतं काय?"

बाबारावांनी चिवड्याचा बकाणा भरला. शामला थांबली नाही.

"तुम्ही विचारलं असेल, भरतकाम येते का. 'नाही' म्हटलं असतं तर चहा पिऊन उठला असता. ती खोटं बोलली, पण बोलायला आपण लावलं. पोपट देणारी मीही त्यातलीच! आत्याबाई, हे भोक भरताना मी आधी काठावरचं विरलेलं कापडच धरलं. टाका फाटून आला. भोवतीचं धड कापड धरलं, तेव्हा टिकला. माणसाचंही धड काय आहे, ते आधी पाहावं ना?"

बाबारावांनी चिवडा गिळला. "आक्का, पोरगी खरं बोलून राहिली. आपणबी प्रेमिलाच्या बापाले, तुह्या पोराले शेतीची लई आवड हाय म्हणून सांगितलं. त्याले आपलं वावर कोणतं, हे बैलाले विचारा लागते!"

रुखमाबाईंनी भावाकडे रोखून पाहिलं. मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की खुर्ची करकरली. शेजाऱ्यांची होती.

"होऊ दे तिचं लगन! पण तिले सांग, पोपट नको आणू. दवाखान्याची पेटी आण, माह्या गुडघ्यासाठी. अन् पोरी, तुले काही विचारायचं हाय?"

असं कुणी मुलीला विचारत नसे. शामलानं आईकडे पाहिलं. सकाळपासून सगळ्यांना गप्प करणाऱ्या कौशल्याबाई म्हणाल्या, "विचार वं. विचार!"

"तुम्हाले काय येतं?" शामलानं ताराचंदला विचारलं.

"बटण लावता येते," तो छताकडे पाहत म्हणाला.

"दाखवा."

सुईदोरा आला. सगळं घर बघत बसलं. ताराचंदनं दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुईचं नाक चुकलं. पुन्हा ओलं केलं, पुन्हा चुकलं. कपाळावर घाम आला.

"सावकाश होऊ द्या, ताराचंदजी," कौशल्याबाई मायेनं म्हणाल्या. "ही काही परीक्षा नाही!"

वाचकहो, मुलगी बघायला निघालेल्या प्रत्येकानं आधी चारचौघांत एक सुई ओवून दाखवावी. मुलीला काय विचारू नये, हे मग आपोआप कळेल. आणि काय विचारायला हवं होतं, तेही.