साक्षीदाराचा चौकोन

जपानमधल्या सुवा गावातल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मोमोसे शिगेओने चौतीस वर्षं सूक्ष्मदर्शक जुळवले. जिवंत पेशी रंग घातल्याशिवाय धड दिसत नाही आणि रंग घातला की मरते, हे रडगाणं तो रोज ऐकायचा. एका दुपारी त्याने आपल्या जेवणाच्या डब्याचं काळं झाकण कापलं, दिव्यासमोर धरलं आणि उजेड तिरका सोडला. चार बाजूंनी चार चित्रं घेऊन एकावर एक बसवली. पेशी आतून हलताना दिसली.

विभागप्रमुख कोइके दोनदा वाकून बघून गेला. "मोमोसेसान, हे पेटंटचं काम आहे," तो म्हणाला. प्रयोगवही त्यानेच लिहिली, कारण मोमोसेचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. खाली शेजारी शेजारी दोन चौकोन होते. डावा शोध लावणाऱ्याचा, उजवा साक्षीदाराचा. डाव्यात कोइकेच्या नावाचा शिक्का, म्हणजे तिथली सहीच, आधीच होता.

"तुमचा इथे मारा," त्याने उजवा दाखवला.

साहेबाच्या पानावर जागा मिळाली, यातच मोमोसे खूश. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याने शिक्का जरासा डावीकडे कलता मारला. म्हणजे त्याचं नाव साहेबाच्या नावापुढे वाकलेलं दिसावं.

घरी फुमिएने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. "अहो, पेटंटच्या कागदाची चौकट केवढी असते हो?"

"तुझ्या नवऱ्याच्या नावाएवढी," तो म्हणाला.

दोन वर्षांनी पेटंट मिळालं. शोधक म्हणून नाव एकट्या कोइकेचं. मोमोसे तडक पेटंट विभागात गेला. तिथल्या यागासाकीबाईंनी वही उघडली.

"शिक्का तुमचाच ना?"

"माझाच. पण कल्पनाही माझीच, बाई. झाकणसुद्धा माझ्याच डब्याचं."

"झाकण वहीत कुठे आलंय? इथे छापलंय, 'वाचलं, समजलं.' ज्याने शोध लावला नाही तोच साक्षीदार होतो, मोमोसेसान. आणि हे तुम्हीच शिक्का मारून कबूल केलंय."

"मला वाटलं, साहेबांचा मान ठेवावा."

"ठेवलात की. चांगला वाकून ठेवलात."

त्या संध्याकाळी फुमिएने कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.

आठवड्याने कोइके नवी वही घेऊन आला. पानावर त्याच यंत्राची सुधारणा होती. महिन्यापूर्वी चहा पिताना मोमोसेनेच बोलून दाखवलेली.

"साहेब, या वेळी डावीकडे मारू का?"

"डावा भरलाय की," कोइके हसला. "आणि तुमच्याइतका जाणकार साक्षीदार मी कुठून आणू?"

निवृत्तीला दोन वर्षं होती. नाही म्हणायला तोंड उघडेना. निदान शिक्का तरी ताठ मारायचा, असं मोमोसेने ठरवलं. मनगट घट्ट धरलं, दोनदा नीट बघितलं आणि दाबला.

उचलून पाहिलं. नाव डावीकडे कललं होतं, चौतीस वर्षं कलायचं तसंच.

कोइकेने शाईवर फुंकर घातली. "छान उमटलाय," तो म्हणाला आणि वही मिटून घेऊन गेला.