फाटक्या गळ्याचा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. उंचीने टेबलाएवढा, अंगाने काळा आणि वजनाला असा, की मला उचलताना भलेभले घामाघूम होतात. बर्मिंगहॅममधल्या ‘फाउंड्री लेन’ या बँडचा आवाज तो माझाच. वाजवणारे आले, गेले. मी मात्र आहे तिथेच आहे आणि मजेत आहे.

माझा जन्म ट्रेवर प्रॉसरच्या घरामागच्या अंगणात झाला. ट्रेवर दिवसभर पत्रे ठोकायच्या कारखान्यात राबायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. त्याने आईच्या कपाटाची दारे काढून माझा खोका केला. त्याची आई मेव्हिस कामावरून आली, बघते तर कपाट उघडेबोडके!

“आता माझे कपडे कुठं टांगू रे? तुझ्या मानेला?”

“आई, याचा आवाज ऐक तरी!”

“कारखान्यातला धडधडाट पुरत नाही वाटतं तुला!” असे म्हणाली खरी, पण माझ्या तोंडावरचे काळे कापड तिनेच ताणून बसवले.

बँडचा सराव आणि कार्यक्रम एका पबच्या वरच्या खोलीत चालत. जिना अरुंद, त्यात वळण. पहिल्याच कार्यक्रमाच्या आधी ट्रेवर आणि बास गिटार वाजवणारा डेनिस मला वर नेत होते. वळणावर कठड्याचा एक खिळा बाहेर आला होता. तो कापडातून आत घुसला आणि माझा आतला कागदी पडदा टर्रकन फाटला. दुसरा स्पीकर आणणार कुठून? मी तसाच वाजलो. ट्रेवरने तार छेडली आणि माझ्यातून असा घोगरा गुरगुराट निघाला, की बिअर पिणारे गपगार झाले. मी तर लाजेने मेलो. मग कोणीतरी टेबल बडवले आणि बघता बघता सगळी खोली टेबले बडवू लागली. सगळे कारखान्यातलेच लोक ते. दिवसभर कानात घुमणारा आवाज त्यांना पहिल्यांदाच गाणे म्हणून ऐकू आला. आमच्या भागात तोवर असे कोणी वाजवले नव्हते. पुढे लोक त्याला हेवी मेटल म्हणू लागले.

बँडमध्ये हळूहळू एक रीत पडली. सोडून जाणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याबरोबर मला जिना चढवायचा. जाणारा खालच्या बाजूला, म्हणजे भार त्याच्यावर. ड्रमवाला बॅरी ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा धापा टाकत त्याने नव्या गड्याला बजावले, “मेव्हिसबाईंनी चहा दिला तर नाही म्हणू नकोस. आणि गाणं पळवू नकोस!” गायक ग्लेन तर भांडून गेला होता. तरी तोंड फुगवून का होईना, तोही जिन्यापाशी हजर झाला. मला वर नेईपर्यंत त्याचा राग कुठल्या कुठे पळाला.

शेवटी ट्रेवरचीच पाळी आली. कारखान्याच्या धडधडाटाने त्याचे कान गेले. थोडे माझ्यामुळेही गेले असतील. त्याच्या जागी शहरातल्याच हँड्सवर्थ भागातला जसबीर आला. तो रेडिओ दुरुस्त करायचा, हाताला मोठी सफाई. ट्रेवरच्या निरोपाच्या कार्यक्रमासाठी काहीतरी छान करावे म्हणून त्याने मला उघडले, पुसले, आणि फाटका पडदा काढून नवा कोरा बसवला. जुना कचऱ्यात टाकला. तो कचऱ्याची गाडी घेऊनही गेली.

संध्याकाळी दोघांनी मला वर नेले. ट्रेवरने तार छेडली. माझ्यातून चर्चच्या घंटेसारखा स्वच्छ आवाज निघाला. मला तर रडूच आले. माझा गळा गेला, म्हणजे बँडचाच गेला की!

“मी... फाटलेलं नीट केलं,” जसबीर म्हणाला.

“वा! आता लग्नाच्या वरातीत वाजवू,” ड्रमवाला खेकसला.

“तू गप रे,” ट्रेवर म्हणाला. “इतक्या वर्षांत याच्यावर कोणी फडकं तरी फिरवलं का? यानं फिरवलं.” मग जसबीरकडे वळून म्हणाला, “चल, धर. परत खाली न्यायचा.”

“खाली?”

“खिळा अजून तिथंच आहे.”

मला खाली नेले, पुन्हा उचलले. वळणावर ट्रेवर थांबला.

“हं, लोट आता.”

“तुम्हीच लोटा ना, अंकल. आवाज तुमचा आहे.”

“उद्यापासून मी वाजवणार आहे का? लोट. बोटं सांभाळ.”

जसबीरने मला कठड्यावर लोटले. टर्र! खरे सांगतो मित्रांनो, जराही दुखले नाही.

वर गेल्यावर जसबीरने तार छेडली. गुरगुराट निघाला, पण पहिल्यासारखा नाही. जरा जाड, जरा खोल. ट्रेवरने माझ्यावर तळवा टेकला. कानांपेक्षा त्याला आता हातानेच जास्त ऐकू यायचे.

“माझ्यासारखा नाही,” तो म्हणाला. जसबीरने मान खाली घातली. “अरे, तुझा आहे. वाजव!”

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. धूळ पुसा, ओलीत ठेवू नका. पण आमची एखादी चीर सांधण्याआधी, आमच्याबरोबर जे राहिले त्यांना एकदा विचारा. आता जसबीरची दाढी पांढरी झाली आहे. परवा एक मुलगी गिटार घेऊन आली होती, आणि तिच्याबरोबर जिना चढताना तो मला खालच्या बाजूने धरणार आहे. तेव्हा एवढेच मागणे आहे. जिन्यातला तो खिळा तेवढा कोणी ठोकून बसवू नका.