पहाटेचं पाणी

म्हातारबुवा नाकावर माशी बसू देत नसत, आणि कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, कामात तर मुळीच नाही. टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं ते पहाटेच, हा त्यांचा नियम. पहाटे पाणी गार असतं, गाळ खाली बसलेला असतो. त्याच पाण्यात त्यांनी जन्मभर कालवांची पिल्लं वाढवली आणि किनारभर पुरवली. आता मात्र पिल्लं अंड्यातून निघायची, थोडे दिवस गरगर फिरायची आणि पिठासारखी तळाशी साचायची. म्हाताऱ्याने टाक्या घासल्या, पाइप बदलले, शेजाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

कळलं ते सुनेला. पाण्याचा आंबटपणा मोजायचं यंत्र घेऊन ती खाडीच्या काठी ठाण मांडून बसली. खाडीच्या तळाशी समुद्रगवत होतं. दिवसा उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकायचं. रात्री मात्र गवत, मासे, किडे सगळेच नुसता श्वास सोडत राहायचे आणि तो वायू पाण्यात साठून पाणी आंबवायचा. म्हणजे पहाटेचं पाणी सगळ्यात आंबट. पूर्वी तेवढं खपून जायचं. पण जगभरच्या धुरांड्यांनी ओकलेला तोच वायू समुद्र इतकी वर्षं मुकाट्याने गिळत आला होता, आणि आता पहाटेच्या पाण्यात एवढ्याशा पिल्लाला शिंपला धरताच येत नव्हता. धरलाच तर तो विरघळायचा. दुपारचं पाणी अजून तरी बरं होतं.

पण हे सासऱ्यांना सांगायचं कुणी? तुमच्याच हातांनी पिल्लं मरत होती, असं?

"सांगून टाक ना," नवरा म्हणाला.

"बाप तुझा. तू सांग."

"माझी काय छाती आहे?"

दोघंही मूग गिळून बसले. म्हातारा गुडघ्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता, तेवढं त्यांच्या पथ्यावर पडलं. सून गुपचूप दुपारी पाणी भरू लागली.

अंडी देणारी जुनी कालवं संपत आली होती. उरलेल्यांची ही शेवटची खेप. ती जगली तर ठीक, नाहीतर टाक्या मोडीत. आणि ती जगत होती. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पिल्लाला अर्ध्या चंद्रासारखा स्वच्छ शिंपला दिसला, तेव्हा सुनेला रडूच आलं. त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली.

सकाळी खाली टाक्यांपाशी आली तर फरशी ओली. सासरे दुखऱ्या गुडघ्याला फडकं आवळून, गमबूट घालून स्टुलावर बसलेले, मांडीवर चाळणी.

"सगळ्या टाक्यांचं पाणी बदललं," ते म्हणाले. "पिल्लं चाळणीवर धरून, एकही सांडू दिलं नाही. तू दुपारी भरतेस, माहीत आहे मला. आळशी नाही म्हणत गं. दमतेस तू. म्हटलं, आज उठवायला नको."

दुपारी तिने सगळं पाणी पुन्हा बदललं, पण पहिल्या शिंपल्याला एकदा झळ लागली की पिल्लू सावरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. पिल्लांनी खाणं सोडलं. मग तळाशी पुन्हा तेच पीठ. यात दोष द्यायचा तर तो तिलाच द्यायला हवा होता. खरं सांगायला जीभ तिची रेटली नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी म्हातारा काठी टेकत आला. "उद्याही मीच उठतो. तू झोप."

"उद्या नको, बाबा. बदलण्यासारखं काही राहिलं नाही."

तो टाकीच्या काठाला धरून उभा राहिला.

"सगळी?"

"सगळी."

बराच वेळ तो वाकून आत बघत होता. मग लहान मुलासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "पण मी तर पहाटेचं पाणी भरलं होतं."

दारात उभा असलेला नवरा रिकामी बादली उचलून बाहेर गेला.

"हो, बाबा," ती म्हणाली. "पहाटेचंच भरलं होतं तुम्ही."