चिकाचे डाग

केळी कापणाऱ्याचा हात कधी कोरा नसतो. घड कापला की चीक गळतो, वाळून काळा होतो, आणि मग साबणाचा बाप आला तरी निघत नाही. चोपड्याकडच्या त्यांच्या गावात त्याचं कुणाला काय अप्रूप! म्हणून तर नवऱ्याच्या मनगटावरचा तो काळा ठिपका लिलाबाईनं इतके दिवस मनावर घेतला नव्हता, आणि आता त्यासाठीच ती स्वतःला बोल लावत होती.

सुकदेवला आतड्याच्या सुजेचा जुना आजार. शौचावाटे रक्त पडून पडून गडी पार चिपाड झाला होता. जळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी रक्त थांबलं, अंगावर मांस चढलं. पण गोळ्या देतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्यांनी शरीराचा पहारा ढिला पडतो. उन्हात अंग झाका. कातडीवर नवा डाग आला, वाढला, तर लगेच या. कॅन्सरही असू शकतो."

सुकदेवनं त्यातलं रक्त थांबेल एवढंच ऐकलं. बाकीचं ऐकायला बायको होतीच.

पोळा झाला आणि ठिपका तिला वाढल्यासारखा वाटला. तिनं हुकूम सोडला, मळ्यात पाऊल टाकायचं नाही. चीक असेल तर कातडीबरोबर झडून जाईल. सुकदेव हसला, पण घरी बसला. रोज ती त्याचे हात चोळचोळून धुवायची. डाग फिकट होत गेले, तसा तो भाकरी अर्धी टाकून उठू लागला.

एका सकाळी तिनं हात धुवायला घेतले, तर कोपरापर्यंत काळेकुट्ट! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मळामा गया व्हतात ना? कापनी कराले?"

"कापनी नही कई," तो खाली बघत म्हणाला. "घडना दांडा घिसा हातवर."

"काबर?"

"चिकना बठ्ठा डाग गयात, अन तो एकलाच राहिना तं? माले भ्याव लागस वं."

तोंडावर आलेल्या शिव्या लिलाबाईनं गिळल्या. आतून सदरा आणला, लेकराला घालावा तसा त्याला घातला, बाह्या मनगटापर्यंत ओढून गुंड्या लावल्या.

"चला. जळगावले जावानं शे."

"आखो थोडा दिन वाट देखूत ना."

"आते काय देखानं?" ती म्हणाली. "काल दुपारे तुम्ही निजेल व्हतात, तव्हय देखं मी. चिकना बठ्ठा डाग गया व्हतात. तो एकलाच व्हता."