एक घंटी थांबा, दोन घंट्या चला

चढाच्या दुसऱ्याच वळणावर इंजिनाचा काटा लाल पट्टीत गेला आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. मागे बायकोच्या उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर होता. त्याचा काटा उतरत होता आणि हा चढत होता. दवाखाना डोंगरापलीकडे, आणि तिकडून रुग्णवाहिका यायला दोन तास लागतील असं फोनवर सांगितलं होतं. सिलिंडरमध्ये जेमतेम तासाभराचा श्वास उरला होता.

बस त्या दोघांचीच. तीस वर्षं त्याने ती चालवली, तिने तीत तिकिटं फाडली. भंगारात निघाली तेव्हा दोघांनी ती विकत घेतली आणि तिचं घर केलं. सीट काढून पलंग टाकला, खिडकीशी ओटा बांधला, थंडीसाठी इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा हीटर बसवला. घंटीची दोरी मात्र तिने काढू दिली नाही. गाडी तुमच्या हातात, घंटी माझ्या, असं ती म्हणायची.

त्याने बस कडेला घेतली, उतरून मागे गेला आणि कपाळाला हात लावला. इंजिनाला वारा देणारी बाजूची जाळी पत्र्याने गच्च बंद होती. पत्रा कोणी ठोकला, तर ह्यानेच. धुळीने बायकोला खोकल्याची उबळ येते म्हणून. सपाटीवर ते खपून गेलं. जन्मभर नवख्या ड्रायव्हरांना इंजिनाचं नाक दाबू नका म्हणून झापणाऱ्या ह्या शहाण्याने मायेच्या भरात स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

पहार घालून त्याने पत्रा उचकटला. हात भाजले, त्याकडे बघायला वेळ नव्हता. आतला रेडिएटर धुळीने असा लिंपला होता की तो धुवायला अर्धा दिवस लागला असता. आता एकच उपाय उरला होता. हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता बसमध्ये येते. मग पहिला गिअर, आणि भर चढावर कुठेही थांबायचं नाही. थांबून पुन्हा उचलायला गेलं की इंजिन बसलंच म्हणून समजा.

पण ती धग झोंबणार होती तिला. त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, टॉवेल भिजवून तिच्या कपाळावर ठेवला आणि दोरीचं टोक तिच्या हातात दिलं.

"सोसवलं नाही तर एक घंटी दे. मग काय व्हायचं ते होऊ दे, मी थांबतो."

तिने मान हलवली.

बस रखडत चढू लागली. आत भट्टी पेटली. त्याचा सदरा अंगाला चिकटला आणि डोळ्यांत घाम उतरला, पण काटा लाल पट्टीच्या कडेशी येऊन थबकला. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं, घंटी काही वाजली नाही. आधी त्याला बरं वाटलं. मग शंका आली. घंटी वाजत नाही म्हणजे ती सोसते आहे, की दोरी ओढायला आता कोणी उरलंच नाही? आरशात बघावं तर पलंगापुढे त्यानेच हौसेने लावलेला पडदा. हाक मारली, ती इंजिनाच्या घरघरीत विरली.

त्याला राहवेना. खिंड समोर दिसत होती, जेमतेम दोनशे पावलांवर. तरी त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जाऊ लागला. बस मंदावली.

डोक्यावर घंटी वाजली. एकदा. त्याचा पाय ब्रेककडे वळला. मग पुन्हा एकदा.

पाय त्याला न विचारताच खाली गेला.

दवाखान्यात नवा सिलिंडर लागला आणि तासाभराने तिच्या ओठांवर रंग आला. तिची मूठ सोडवायला नर्सला दोरी कापावी लागली होती. तळव्यावर दोरीचे तीन लाल वेढे उमटले होते.

"त्याच्या आधी एकदा तरी ओढायची होतीस गं," तो म्हणाला. "मेलो होतो मी तिथे."

"तुम्ही थांबला असता," ती म्हणाली, आणि दमून डोळे मिटले.